सिगारेट सोडल्यावर टीपीओ अँटीबॉडी वाढल्या, मग सोडून चूक झाली का?

अजिबात नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये टीपीओ अँटीबॉडी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध बनवते ती प्रथिनं) कमी आढळतात आणि सोडल्यानंतर पहिली 1-2 वर्षे हायपोथायरॉइडिझमची (थायरॉइड संप्रेरक कमी पडण्याची) शक्यता वाढते, हे खरं आहे. म्हणून या काळात टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वेळेवर तपासत राहा. कमतरता निघालीच तर थायरॉक्सिनच्या (थायरॉइड संप्रेरकाच्या) रोजच्या गोळीने ती भरून निघते.

ग्रेव्ह्ज आजारात (ज्यात प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइड जास्त काम करू लागते) मात्र चित्र अगदी उलटं. तिथे सिगारेटमुळे डोळ्यांमागची सूज बळावते: डोळे पुढे येतात, पापण्या नीट मिटत नाहीत, एकाचे दोन दिसतात. शिवाय स्टेरॉइडचाही गुण कमी येतो, आणि रेडिओआयोडीन (थायरॉइडवरचा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) घेतल्यावर डोळे आणखी बिघडण्याचा धोका वाढतो. डोळ्यांचं हे नुकसान गोळीने भरून निघत नाही. तेव्हा कृपा करून अँटीबॉडीच्या आकड्यासाठी पुन्हा सिगारेट पेटवू नका.