अ‍ॅनालॉग इन-इअर मॉनिटर बदलून डिजिटल वायरलेस घ्यावा का?

आपल्या वाद्यवृंदातील गायिकेला जुन्या अ‍ॅनालॉग इन-इअर मॉनिटर संचातून (म्हणजे मंचावर कलाकाराला स्वतःचा व साथीचा आवाज कानात ऐकवणाऱ्या बिनतारी इअरफोनमधून) सतत खरखर ऐकू येते, म्हणून डिजिटल घ्यावा का, असे आपण विचारले आहे. खरखर बरीच जाईल, कारण अ‍ॅनालॉग संच ध्वनीतील लहान-मोठ्या आवाजांमधला फरक दाबून तो एफएमवर पाठवतो व रिसीव्हरमध्ये पुन्हा उलगडतो, आणि स्वर विरताना मागे उरणारी सूं-सूं त्या उलगडण्यातच वर येते. मात्र डिजिटलमध्ये काही मिलिसेकंदांचा विलंब असतो, त्यात डिजिटल मिक्सरचाही मिळवावा लागतो. ढोलकीवाल्याला ५ मिलिसेकंद सहसा जाणवत नाहीत (तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम १.७ मीटर जातो), पण गायिकेचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही कानात पोहोचत असल्याने तो आणि इअरफोनमधला उशिरा येणारा आवाज मिसळून पोकळ वाटू शकतो; तेव्हा घेण्यापूर्वी तिलाच गाऊन पाहू द्यावे. २.४ गिगाहर्ट्‌झवरचे स्वस्त संच मी मंगल कार्यालयात टाळतो, कारण पाहुण्यांच्या मोबाइलचे वाय-फाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतात.