अमेरिकेहून आलात? आधी भिंतीवरची बटणं शिका

इथे बटण खाली दाबलं की चालू, वर केलं की बंद. तिकडच्या बरोब्बर उलट. शिवाय बहुतेक सॉकेटला स्वतःचं बटण असतं. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी मेलेला दिसला, तर आधी तेच बघा.

खरा घोळ व्होल्टेजचा. तिकडे १२०, इकडे २३०. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त भोकात बसतो. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा: १००-२४० असेल तर बिनधास्त लावा. नुसतं १२० लिहिलेला हेअर ड्रायर लावलात, तर जळका वास ठरलेला. त्यासाठी २००० वॉटच्या वरचा ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणजे घरात धोंडच. सरळ इथला ड्रायर घ्या. ट्रान्सफॉर्मर लावूनही विजेच्या वारंवारतेवर चालणारं जुनं काट्यांचं घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडतं, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची, इकडची ५० ची. दुरुस्तीला नेऊ नका, ते बिघडलेलं नाही.

गीझरचं बटण बरेचदा बाथरूमबाहेर असतं. १५ लिटरच्या टाकीला १५-२० मिनिटं द्या. बादलीत गार पाणी आधी, कढत नंतर.