अर्धं इंजिन

पेडणे

पोरी, अनेक आशीर्वाद.

विमान पहिल्यांदा एकटीने उडवलंस, त्या सोलोनंतर तू विचारलंस, "काका, इंजिन बंदच पडलं तर?" बंद पडलं तर एका परीने बरं, वादच मिटतो. सेसना १७२ विमान असेल तर नाक खाली घे, ६५ नॉट्सच्या, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग धर (तुझ्या विमानाच्या पुस्तकातला आकडा खरा) आणि वारा नसेल तर हजार फुटांमागे अडीच किलोमीटर हाताशी आहेत असं समज. विमान दगडासारखं पडत नाही, घसरत येतं.

मला धास्ती आहे ती अर्धवट इंजिनाची. ते खोकतं, थोडं ओढतं आणि आशा लावतं. एकदा शापोरा नदीच्या मुखावर खाली उतरताना मी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे घेतला. स्वच्छ ऊन, २८ अंश, घामट हवा. पुन्हा पुढे सारला तर इंजिनाचे फेरे, आरपीएम, चढेनात. हवा नि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ! गोव्यात बर्फ म्हटलं की लोक हसतात. पण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान २०-३० अंशांनी सहज उतरतं, आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा? कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) पूर्ण ओढली, तर इंजिन आणखीच खडखडलं. वितळलेलं पाणी त्याच्या पोटात जात होतं. इथेच माणूस घाबरून ती परत आत ढकलतो. मी ढकलली नाही. त्यात शहाणपण किती आणि हातच गोठला होता किती, देव जाणे. मग हळूहळू आवाज सुधारला. ही ऊब एक्झॉस्टची असते, म्हणून उशीर केलास नि इंजिन बंद पडलं तर ओढायला काही उरत नाही. तुझं विमान इंजेक्शनचं (कार्ब्युरेटरशिवाय पेट्रोल फवारणारं) असेल तर कार्ब्युरेटरची ही कटकट नाही. टाकीच्या तळाचं पाणी मात्र रोज सकाळी काढायचंच.

टेकऑफनंतर ताकद गेली की पाठीमागची धावपट्टी बोलावते. नुसतं १८० अंश वळून भागत नाही, रेषेवर यायला आणखी वळावं लागतं. त्यात ४५ अंश झुकवून उंची धरू पाहिलीस तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान तोलत नाहीत तो) जवळजवळ पाचव्या हिश्श्याने वाढतो. उंची कमी असेल तर समोरच, थोडं डावं-उजवं बघून उतर. फ्युएल सिलेक्टर (पेट्रोलची टाकी निवडायचा), मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारा) हातांना पाठ हवेत. रेडिओवरची मेडे ही संकटाची हाक नि रडारवर दिसणारा ७७०० हा संकटाचा आकडा त्यानंतर.

वरून हिरवीगार सतरंजी दिसते ते वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या भाताचं) शेत म्हणजे चिखल, चाक रुतलं की विमान उलटतं. कोरडं शेत मिळालं तर मेरेला (बांधाला) समांतर उतर. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब शोध. किनाऱ्यावर लाटेलगतची ओली पुळण घे. वरची भुसभुशीत वाळू पुढचं चाक धरते. पर्यटनाच्या मोसमात तिथे माणसं असतील तर ती जागा आपली नाही, मग उथळ पाणी. दार आधीच उघडून ठेव, लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगव.

चवथीला येशील तेव्हा ओहोटी बघून मोरजीला जाऊ. अनवाणी चाल, टाच कुठे रुतते नि कुठे नाही ते तुझं तुलाच कळेल.

तुझा,
काका