दोन वर्षांची पदवी निवडण्यापूर्वी

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण तिन्हींचा विषय एकच आहे: अमेरिकेतील कम्युनिटी किंवा टेक्निकल कॉलेजातील व्यवसायाभिमुख दोन वर्षांची असोसिएट पदवी. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि घरातील सर्वांकडे ग्रीन कार्ड आहे. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे गुण चांगले असूनही तिला चार वर्षांच्या विद्यापीठात न जाता जवळच्या काउंटी कॉलेजात रेडिओग्राफीची (एक्स-रे काढण्याच्या तंत्राची) दोन वर्षांची पदवी घ्यायची आहे. आम्ही दोघेही पुण्यात इंजिनिअर झालो. हा आपल्याकडचा डिप्लोमाच झाला आणि कुठे प्रवेश न मिळालेली मुले तिथे जातात, असे तिच्या बाबांचे म्हणणे आहे. पुढे तिला बॅचलर पदवी घ्यावीशी वाटली तर वाट बंद होईल का? आणि कॉलेज चांगले आहे हे ओळखायचे कसे?

उत्तर: तिच्या बाबांची काळजी मी समजू शकते, पण त्यांनी केलेली तुलना येथे लागू पडत नाही. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची ठरलेली वाट आहे. असोसिएट पदवी ही बारावीनंतरची, साधारण 60 क्रेडिटची महाविद्यालयीन पदवी आहे. इलिनॉयमधील जोलिएट ज्युनिअर कॉलेज 1901 साली सुरू झाले, तेव्हापासून सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजांची ही परंपरा चालत आली आहे.

"कुठे प्रवेश न मिळालेली मुले" हा समज तर रेडिओग्राफीच्या बाबतीत वस्तुस्थितीच्या उलट आहे. कम्युनिटी कॉलेजात नाव घालणे सोपे असते हे खरे. पण रेडिओग्राफी, नर्सिंग, डेंटल हायजीन (दातांची स्वच्छता व निगा) यांसारख्या अभ्यासक्रमांना वेगळा प्रवेश असतो आणि त्यांच्या जागा मोजक्या असतात. याचे कारण असे, की प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकावे लागते आणि रुग्णालये एका वेळी ठरावीक विद्यार्थीच घेऊ शकतात. त्यामुळे शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, गणित, इंग्रजी असे पूर्वतयारीचे विषय आधी पूर्ण करावे लागतात, त्यांतील गुणांवर निवड होते आणि काही ठिकाणी प्रतीक्षायादीही असते. म्हणून कागदावरची दोन वर्षे प्रत्यक्षात अनेकदा तीन होतात, आणि ते धरूनच तुम्ही हिशेब करावा. आपल्या मुलीचे चांगले गुण इथे वाया जाणार नाहीत, उलट ते लागणारच आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळते. व्यवसायाभिमुख पदवीची किंमत कॉलेजच्या नावावर ठरत नाही. ती घेतल्यावर कोणत्या परीक्षेला बसता येते आणि कोणते लायसन्स मिळते, यावर ती ठरते. रेडिओग्राफीत ही परीक्षा अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स ही संस्था घेते, आणि 2015 पासून तिच्या मूळ परीक्षेसाठी किमान असोसिएट पदवी आवश्यक आहे. म्हणजे या व्यवसायात दोन वर्षांची पदवी हाच प्रवेशाचा अधिकृत दरवाजा आहे. मूळ प्रमाणपत्र मिळाल्यावर पुढे सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी अशी वाढीव प्रमाणपत्रे घेता येतात, आणि अनेक जण नोकरी करत करतच ती घेतात. या पातळीवरच्या कामाला पैसा कमी मिळतो, असेही सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार 2023 साली डेंटल हायजिनिस्टचे मध्यक वार्षिक वेतन 87,530 डॉलर होते, आणि त्या कामासाठीही सर्वसाधारणपणे असोसिएट पदवीच लागते.

कॉलेजला भेट द्याल तेव्हा इमारती आणि ग्रंथालय पाहून झाल्यावर त्या अभ्यासक्रमाच्या विभागात जा आणि चार गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला जॉइंट रिव्ह्यू कमिटी ऑन एज्युकेशन इन रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी या संस्थेची मान्यता आहे का, हा पहिला प्रश्न. कॉलेजची मान्यता आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ पालक पहिलीवरच समाधान मानतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे, अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे आणि नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण जाहीर करावे लागते, ते आकडे मागून घ्या. उत्तीर्णांचे प्रमाण उत्तम पण अभ्यासक्रम पूर्ण करणारे थोडे, असे दिसले, तर मधेच गळालेल्या विद्यार्थ्यांचे काय झाले ते विचारायला संकोचू नका. तिसरे, क्लिनिकल प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयांत होते आणि ती घरापासून किती दूर आहेत. चौथे, सारा खर्च किती येतो: ट्यूशनखेरीज, म्हणजे कॉलेजच्या शिक्षणशुल्काखेरीज, गणवेश, पुस्तके, लसीकरण, पार्श्वभूमी-तपासणी आणि परीक्षाशुल्क यांचाही भार असतो. याशिवाय केंद्रीय शिक्षण विभागाच्या कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर अनेक अभ्यासक्रमांच्या पदवीधरांची कमाई व कर्ज पाहायला मिळते.

बॅचलर पदवीची वाट बंद होत नाही, पण ती आपोआप उघडीही राहत नाही. असोसिएट पदव्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. असोसिएट ऑफ आर्ट्स आणि असोसिएट ऑफ सायन्स या पदव्या पुढे विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही नोकरीसाठी आखलेली असते, आणि रेडिओग्राफीची पदवी बहुधा या दुसऱ्या प्रकारात येते. न्यू जर्सीत पहिल्या दोन पदव्या राज्यातील सार्वजनिक विद्यापीठे राज्यव्यापी कराराने बॅचलरची पहिली दोन वर्षे म्हणून स्वीकारतात. अप्लाइड सायन्सला ती सरसकट सोय नाही आणि कोणते क्रेडिट घ्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. यावर एक साधा उपाय आहे, आणि तो पहिल्या सत्रातच करावा लागतो. जिथे जिथे निवड करण्याची मुभा असेल, तिथे तिने विद्यापीठात चालणारा विषय घ्यावा: टेक्निकल मॅथऐवजी कॉलेज अल्जिब्रा किंवा स्टॅटिस्टिक्स, व्यावसायिक लेखनाऐवजी इंग्लिश कम्पोझिशन. रेडिओलॉजिक सायन्सेसची बॅचलर पदवी देणाऱ्या एखाद्या विद्यापीठाशी त्या कॉलेजचा करार आहे का, हे अ‍ॅडव्हायझरला विचारावे, आणि तोंडी आश्वासनावर न थांबता कराराची प्रत मागावी.

तिच्या बाबांशी बोलताना पैशांची बाजूही मांडा. कॉलेज बोर्डच्या आकड्यांनुसार 2024-25 साली सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजांची स्थानिक विद्यार्थ्यांसाठीची सरासरी वार्षिक ट्यूशन व शुल्क 4,050 डॉलर होते, तर सार्वजनिक चार वर्षांच्या विद्यापीठांत राज्यातील विद्यार्थ्यांसाठी ते 11,610 डॉलर होते. ग्रीन कार्ड असल्याने तुमची मुलगी फाफसा, म्हणजे केंद्रीय शिक्षणसाहाय्याचा अर्ज, भरू शकते, आणि वर्गात वरच्या क्रमांकात असेल तर राज्याच्या एनजे स्टार्स या शिष्यवृत्ती योजनेची पात्रताही शाळेच्या समुपदेशकाकडून तपासून घ्या.

मात्र मुलीला एक प्रश्न तुम्ही आवर्जून विचारा. हे काम दिवसभर कसे असते ते तिने पाहिले आहे का? रेडिओग्राफरचा दिवस बहुतांश उभ्याने जातो. स्ट्रेचरवरून आलेल्या वृद्धेला, जिचे खुब्याचे हाड मोडले आहे, कमीत कमी वेदना होतील अशा रीतीने टेबलावर घ्यायचे, पाय नेमक्या कोनात ठेवायचा, श्वास रोखायला सांगायचे, आणि पुन्हा एक्स-रे काढावा लागू नये म्हणून पहिलीच प्रतिमा नीट यावी याची दक्षता घ्यायची, हे त्या कामाचे खरे स्वरूप आहे. शिकताना अशी एकेक तपासणी प्रशिक्षकासमोर करून दाखवावी लागते आणि त्यांनी सही केली तरच ती पूर्ण झाली असे धरतात. जवळच्या रुग्णालयात एक दिवस सोबत राहून काम पाहण्याची परवानगी मिळते का, ते विचारा. ते पाहूनही तिचा निर्णय कायम राहिला तर तो मुलीने पुरता विचार करून घेतला आहे असे मानावे, आणि माझ्या मते तुम्ही दोघांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोण काय म्हणेल, याला या निर्णयात जागा नसावी.

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये आहोत. मुलगा 17 वर्षांचा असून एच-4 व्हिसावर (पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे. त्याला टेक्निकल कॉलेजात सायबर सिक्युरिटीची दोन वर्षांची पदवी घेऊन लगेच नोकरी करायची आहे. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे.

उत्तर: तुमच्या बाबतीत व्हिसाचा विचार अभ्यासक्रमाच्या आधी करावा लागेल. सर्वसाधारणपणे 21 व्या वर्षी एच-4 संपतो. रांगेत असलेल्या अर्जाचा मुलाला लाभ मिळेल की नाही हे वयाच्या कायदेशीर गणितावर अवलंबून असते, आणि ते इमिग्रेशन वकिलाकडूनच करून घ्यावे. त्याला एफ-1 हा विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागला तर असोसिएट पदवीनंतर 12 महिन्यांपर्यंतचे ओपीटी, म्हणजे शिकलेल्या क्षेत्रात काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळू शकते, पण विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी पुढची मुदतवाढ बॅचलर किंवा त्यावरील पदवीलाच असते. एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठीही सामान्यतः बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. एच-4 वर असताना केंद्रीय शिक्षणसाहाय्यही मिळत नाही.

म्हणून जी पदवी इतर मुलांना थेट नोकरीपर्यंत नेते, ती तुमच्या मुलाला मधेच अडकवू शकते. त्याची आवड मोडू नका. त्याच कॉलेजात त्याने असोसिएट ऑफ सायन्स घ्यावे, विषय सायबर सिक्युरिटी किंवा कॉम्प्युटर सायन्सचेच ठेवावेत, आणि पुढे कोणत्या विद्यापीठात जायचे हे पहिल्या वर्षीच ठरवावे. राज्यातील रहिवासी म्हणून ट्यूशनची सवलत मिळते का, हे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्या.

प्रश्न: मी 34 वर्षांची आहे. कोल्हापूरला बी.कॉम. केले, लग्नानंतर न्यूयॉर्क राज्यात आले आणि आता ग्रीन कार्ड मिळाले आहे. नर्सिंगची दोन वर्षांची पदवी घ्यावी असे वाटते. या वयात हे जमेल का? आणि चार वर्षांची पदवी नसेल तर रुग्णालये घेतात का?

उत्तर: जमेल. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गांत तुमच्या वयाचे आणि त्याहून मोठे विद्यार्थी नेहमीच असतात, तेव्हा त्या गोष्टीची चिंता करू नका.

असोसिएट आणि बॅचलर अशा दोन्ही पदव्या घेणारे विद्यार्थी एन्क्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा देतात आणि दोघांनाही रजिस्टर्ड नर्सचे लायसन्स मिळते. फरक त्यानंतर पडतो. न्यूयॉर्क राज्याने 2017 साली केलेल्या कायद्यानुसार नव्या नर्सना लायसन्स मिळाल्यापासून 10 वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी पूर्ण करावी लागते, आणि मोठी शहरी रुग्णालये नेमणूक करतानाच बॅचलर पदवीला पसंती देतात. तेव्हा तुम्ही दोन टप्प्यांचा आराखडा आखा: आधी असोसिएट पदवी व लायसन्स, मग नोकरी करत, ऑनलाइन किंवा संध्याकाळच्या वर्गांतून, बॅचलर. काही रुग्णालये या दुसऱ्या टप्प्याची फी भरण्यास मदत करतात. सुरुवातीला नर्सिंग होम किंवा पुनर्वसन केंद्रात काम करण्याची तयारी ठेवलीत तर पहिली नोकरी मिळणे सोपे जाईल.

प्रवेशाआधी दोन कामे करून टाका. कोल्हापूरच्या गुणपत्रिकांचे मूल्यांकन कॉलेजने मान्य केलेल्या संस्थेकडून करून घ्या. इंग्रजी, अर्थशास्त्र अशा काही विषयांचे क्रेडिट मिळाले तर तेवढा भार कमी होईल. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय मात्र तुम्हाला नव्यानेच घ्यावे लागतील, आणि ते नर्सिंगच्या प्रवेशापूर्वी एका सत्रात एक किंवा दोन या गतीने घेणे शहाणपणाचे, कारण निवड त्यांतील गुणांवरच होते. दुसरे काम शिक्षणसाहाय्याचे. पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी केंद्रीय मदत, आधीची बॅचलर पदवी असणाऱ्यांना मिळत नाही, आणि परदेशातील पदवीही त्यात धरली जाऊ शकते. म्हणून तुमचे बी.कॉम. कॉलेज कसे मोजते हे शिक्षणसाहाय्य कार्यालयात जाऊन आधी विचारा, आणि ग्रँट मिळेल असे गृहीत धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नका.