आधी सुईदोरा, मग मशीन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मे महिना जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलांच्या शिवणाचाच विषय जास्त असतो. या अंकासाठी तीच पत्रं घेतली आहेत. मी सोलापुरात शिवणक्लास चालवते, त्यामुळे उत्तरांतली मापं आणि कापडं आमच्या क्लासातलीच आहेत.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात सासूबाईंचं पायमशीन आहे आणि तिला त्यावर बसायची फार घाई झाली आहे. बसवू का?
– एक आई, बार्शी

बसवा ताई, पण लगेच नको. आधी काही दिवस हातात सुई द्या. मशीनवर टीप इतक्या भरभर पडते की टाका म्हणजे काय, दोरा कुठून खाली जातो आणि कुठून वर येतो, हे मुलाला दिसतच नाही. हाताने धावदोरा घातला की ते सगळं डोळ्यांसमोर घडतं.

मांजरपाटाचा वीतभर तुकडा घ्या. आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केलेला असावा. खळ गेली की सुई अडत नाही. त्यावर पट्टीने पेन्सिलीची रेघ ओढा आणि पाव-पाव इंचावर टिंबं द्या. एका टिंबातून सुई खाली, पुढच्या टिंबातून वर. सुई मोठ्या नेढ्याची, दोरा लाल किंवा निळा, म्हणजे पांढऱ्यावर टाका उठून दिसतो. दोरा दुहेरी करून गाठ मारा, नाहीतर नऊ वर्षांच्या हातातून सुई सारखी निसटते. दुहेरी झालेला दोरा तिच्या हाताच्या लांबीपेक्षा जास्त नको. एका ओढीत पूर्ण बाहेर आला पाहिजे, लांब झाला की गुंता ठरलेला.

दोन-तीन रेघा सरळ आल्या की बटण. सुरुवातीला कोटाचं मोठं बटण घ्या. बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवायची आणि टाके तिच्यावरून घालायचे. शेवटी काडी काढून घेतली की बटण थोडं वर उचललं जातं. त्याच्याखाली राहिलेल्या दोऱ्याला चार-पाच वेढे देऊन गाठ मारायची. काजाचं कापड बसायला तेवढी जागा लागते, म्हणून ही काडी. हे जमलं की बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिलाच लावू द्या आणि बाबांना तो शर्ट घालून कामावर जाऊ द्या. पहिली वस्तू शोभेची नसावी, वापरातली असावी, हा माझा आग्रह आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत तो पुन्हा दिसेल.

मग मशीन. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, भरताना चाकाची गुंडी सैल करतो तशी करायची, म्हणजे सुई हलत नाही, फक्त चाक फिरतं. त्यावर नुसता पायाचा ताल बसवायचा. पायमशीनवर नवशिक्यांना सगळ्यात जास्त त्रास चाक उलटं फिरण्याचा होतो. तसं झालं की दोरा तुटतो. चाक एकाच दिशेने सुरू होऊन त्याच दिशेत थांबू लागलं की गुंडी आवळा, दोरा न ओवता वहीचा रेघांचा कागद दाब्याखाली, म्हणजे सुईजवळच्या कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, घाला आणि रेघेवरून सुई चालवायला सांगा. त्यासाठी जुनी सुई वेगळी ठेवा, कागदाने सुईची धार जाते. दोरा ओवायचा तो सगळ्यात शेवटी. आणि एक लक्षात ठेवा, खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला बोल लावतात. खरं कारण बहुतेक वेळा वर असतं. दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, नाहीतर दाबा खाली टाकायचा राहिलेला असतो.

आमच्या वाचनालयात सुट्टीत दहा दिवसांचा शिवणवर्ग घ्यायचा आहे. दहा ते चौदा वर्षांची बारा-पंधरा मुलं असतील, मशीनं दोन आहेत. रोज एक याप्रमाणे दहा वस्तूंची यादी सोबत पाठवली आहे. काही सुचवाल का?
– ग्रंथपाल, सांगली जिल्हा

यादी पाहिली. कापडी फुलं, मोबाईलचं कव्हर, बाहुली, तोरण, ब्रोच... यातल्या सात वस्तू काढून टाका, ही माझी पहिली सूचना. रोज नवी वस्तू ठेवली की मुलं रोज घाईत असतात, आणि अर्धवट राहिलेलं शेवटी ताईच घरी नेऊन पुरं करतात. तीन वस्तू पुरेत: टाचण्यांची उशी, नाडीची पिशवी आणि बाजाराची पिशवी. पहिलीत धावदोरा आणि उलटी टीप येते, दुसरीत नेफा, म्हणजे नाडी ओवायची दुमड, येतो, तिसरीत मशीन.

बाजाराच्या पिशवीचं माप सविस्तर देते, कारण वर्गाचे निम्मे दिवस तिच्यासाठीच ठेवावेत असं मला वाटतं.

44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, जाड सुती कापड एक मीटर घ्या. भिजवून, वाळवून झाल्यावर ते थोडं आटतं, म्हणून विकत घेताना वीतभर जास्तच घ्या. त्यात दोन पिशव्या बसतात. प्रत्येकीसाठी 15 इंच रुंद आणि 34 इंच लांब असा एकच तुकडा, लांबी कापडाच्या किनारीला समांतर, कारण उभा धागा वजन जास्त पेलतो. उरलेल्या 14 इंचांच्या पट्टीतून 4 इंच रुंदीच्या दोन पट्ट्या काढायच्या, त्या मध्ये कापून 18-18 इंचांचे चार बंद. तरीही 6 इंचांची पट्टी उरते, ती टाचण्यांच्या उशीला. हा हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. कापड बेतणं म्हणजे काय हे त्यात समजतं, आणि कातर लावण्याआधी विचार करायची सवय लागते.

शिवायचं असं: वरच्या दोन्ही कडा आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमडून टीप मारायची. तुकडा सुलट बाजू आत ठेवून मध्ये दुमडायचा आणि दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत शिवण घ्यायची. पिशवी 14 इंच रुंद, साडेपंधरा इंच खोल होते. बंदाच्या पट्टीच्या दोन्ही कडा मध्यावर आणून पुन्हा दुमडल्या की इंचभर रुंद, चार पदरी बंद मिळतो. तो पिशवीच्या तोंडाशी लावताना आधी चौकोन शिवायचा, मग त्यात फुली. टाके इंचाला दहा-बारा ठेवा.

दोन मशीनांवर दोघं बसतील तेव्हा बाकीच्यांनी कडा दुमडून कच्चा धावदोरा घालायचा. मशीनवर पोचेपर्यंत प्रत्येकाचं कापड बसवून तयार असतं, आणि टाचण्यांवरून सुई जाऊन मोडायचा प्रश्नही राहत नाही.

आता परीक्षा. आमच्या क्लासात शिवून झालेल्या पिशवीत दोन किलो ज्वारी ओतायची आणि ती हातात धरून दारापर्यंत जाऊन यायचं, असा नियम आहे. मी काही बोलत नाही. बंदाजवळ एकच टीप मारली असेल तर तो तिथे उकलायला लागतो. शिवणीच्या टोकाला मागे येऊन पुन्हा टीप मारली नसेल तर खालच्या कोपऱ्यातून ज्वारीचे दाणे पडतात. मुलगी वाकून कोपरा बघते, बोट घालून भोक मोजते आणि स्वतःच मशीनकडे वळते. ‘टोकाला टीप पक्की कर’ हे मी शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते चार दाणे सांडल्यावर होतं. खाली परात ठेवायला मात्र विसरू नका.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन मांडायचं ठरवलं असेल तर मांडा, पण त्याआधी प्रत्येकाने आपली पिशवी घेऊन एकदा भाजी आणलेली असू द्या.

मुलगी शिवते, पण टीप फार वाकडी येते. तिला वाईट वाटू नये म्हणून ती झोपल्यावर मी उसवून पुन्हा शिवून ठेवते. सकाळी तिला कळतही नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

तिला कळतं, ताई. मुलांना आपला टाका ओळखता येतो. कृपा करून हे थांबवा. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण सरळ झालेली ती टीप तिची उरत नाही, आणि पुढच्या वेळी ती मशीनवर बसताना तुमच्याकडे बघत बसेल.

त्याऐवजी तिला उसवायला शिकवा. फार थोड्या घरांत हे नीट शिकवलं जातं. कापड दोन्ही बाजूंनी ओढून शिवण टराटर फाडायची नाही, त्याने सूत निघतं आणि कड लांबते. एका बाजूने दर चौथा टाका रिपरने (उसवायच्या छोट्या हत्याराने) किंवा बारीक कातरीने कापायचा, कापड उलटं करायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. तो अखंड निघून येतो. मुलांना हे इतकं आवडतं की उसवणं ही शिक्षा वाटतच नाही.

वाकड्या टिपेचं कारणही सांगते. मुलं सुईकडे बघतात. नजर दाब्याच्या कडेवर आणि कापडाच्या कडेवर हवी. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड त्या पट्टीला धरून चालवायला सांगा. कापड मागून ओढू देऊ नका, खालचे दाते ते आपणहून पुढे नेतात. एवढं करूनही थोडं वाकडं आलं आणि शिवण टिकत असेल, तर राहू द्या तसंच.

तेरा वर्षांच्या मुलाला शिवायची आवड आहे. त्याचे आजोबा माळकरी, दरवर्षी वारीला जातात, एरवी फार प्रेमळ. पण यावर रागावतात, ‘हे बायकांचं काम’ म्हणतात. त्यांना काय सांगू?
– आई, नांदेड

आजोबा ज्यांचे अभंग गातात ते नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. महाद्वारात नामदेव पायरीवर आजोबा दरवर्षी माथा टेकवत असतील. एवढंच त्यांना प्रेमाने आठवून द्या, वाद घालू नका. शिवाय त्यांचे स्वतःचे सदरे आजवर शिवले कुणी, तेही त्यांना माहीत आहे.

आणि मुलाला म्हणावं, आजोबांच्या टाळांना पिशवी शिव. टाळ कापडावर ठेवून भोवती खडू फिरवायचा. त्या वर्तुळाची जेवढी रुंदी, तिच्यात चार इंच मिळवले की पिशवीची रुंदी. उंचीला त्याहून तीन इंच जास्त, कारण वर नाडीचा नेफा येतो. आत जुन्या फलालीनचं अस्तर घालायचं आणि मधोमध एक पडदा शिवायचा, म्हणजे दोन टाळ एकमेकांवर आपटत नाहीत. नेफ्यात नाडी ओवायला सेफ्टी पिन. आषाढीला वेळ आहे, निवांत होईल. आजोबांनी ती वारीत नेली की पुढचं बोलणं तुम्हाला करावं लागणार नाही.

माझी पुतणी डावखुरी आहे. मी दाखवते ते तिला सगळं उलटं होतं.
– काकू, कोल्हापूर

शेजारी बसून दाखवू नका, समोरासमोर बसा. आरशात बघावं तसं तिला ते सुलट दिसेल. तिचा धावदोरा डावीकडून उजवीकडे जाईल, जाऊ द्या. कातर मात्र डावखुऱ्यांची वेगळी घ्या. आपल्या कातरीचं वरचं पातं डाव्या हातात धरल्यावर रेघ झाकतं, आणि मुलीला वाटतं आपल्यालाच कापता येत नाही. मशीनची काळजी करू नका, तिथे तिचा डावा हात कापडावर असल्याने ती पटकन शिकेल.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. कार्यानुभवाच्या तासाला शिवण घ्यावं असं वाटतं, पण कापडाला पैसे नाहीत आणि मला स्वतःला बटणापलीकडे फारसं येत नाही.
– एक शिक्षक, धाराशिव जिल्हा

सर, बटण येतं म्हणजे सुरुवात झाली. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या आधाराने शिकवायचा विचार मांडला, तो मला आजही पटतो. 44 इंच पन्ह्यात काय काय बसतं हा गणिताचाच तास आहे.

कापडासाठी गावातल्या शिंप्याला भेटा. आमच्याकडे सोलापुरात शाळांचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, तिथल्या चिंध्यांवर माझा क्लास निम्मा चालतो. टॉवेलचे तुकडेही इथे पुष्कळ मिळतात, पण ते नवशिक्यांना देऊ नका, वर आलेल्या दोऱ्यांच्या फासांत सुई अडकते आणि कडा सुटतात. चिंध्या आणल्या की सुती वेगळ्या काढा. शंका आली तर मुलांना लांब उभं करून तुम्ही एक धागा पेटवून बघा. सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती तुकडे हातशिवणीला, बाकीचे टाचण्यांच्या उशीत भरायला.

पहिला प्रकल्प सुचवते. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा गेल्या वर्षीच्या विजारी आखूड झालेल्या असतात. खालची दुमड उसवून, पाण्याचा हात लावून इस्त्री करून घ्यायची आणि कमी दुमडून हाताने हेमिंग करायचं. कापडाचे दोन-तीनच धागे उचलायचे, मग टाका बाहेरून दिसत नाही. मुलं स्वतः दुरुस्त केलेली विजार घालून शाळेत येतील.

सुया मात्र मोजून द्या आणि मोजून परत घ्या. प्रत्येकाची सुई लोकरीच्या कापडाच्या तुकड्यात टोचलेली, त्यावर मुलाचं नाव. एक लोहचुंबक जवळ असू द्या. मोजताना एखादी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत कुणालाही अनवाणी उठू देऊ नका.