जप चालू असताना मन बाजारात जाते

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मी रोज पहाटे थोडी आसने करून गायत्रीचा जप करतो. परंतु मोहराला फळ धरू लागले की जप ओठांवर राहतो आणि मन वाशीच्या बाजारात पेटीचा भाव काढत बसते. असा जप व्यर्थ जातो का? मन रिकामे होत नसेल तर बसावे तरी कशाला?
– एक बागायतदार

उत्तर : जप व्यर्थ जात नाही. मन रिकामे झालेच पाहिजे, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी, कारण तुमचा निम्मा त्रास तिच्यामुळेच आहे. योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनाच्या हालचाली आवरणे, ही योगसूत्रे लिहिणाऱ्या पतंजलींची व्याख्या सर्वांना पाठ असते. पण त्या निरोधाचा उपाय सांगण्यापूर्वी त्यांनी प्रमाण (खरे ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प (शब्दांवर उभी राहिलेली कल्पना), निद्रा आणि स्मृती या पाच वृत्ती एकेक करून समजावल्या आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. मन ओळखल्यावाचून ते आवरायला जाऊ नये, असे मला यावरून ठामपणे वाटते.

तुमच्याच पहाटेकडे या दृष्टीने पाहा. ‘यंदा भाव पडला तर कर्ज कसे फिटणार?’ हा विचार विकल्प आहे. केवळ शब्दांच्या आधाराने उभे राहणारे, ज्याच्यामागे प्रत्यक्ष वस्तू नाही असे ज्ञान, अशी पतंजलींनी त्याची व्याख्या केली आहे. मागे अवकाळी पावसाने मोहर काळा पडला होता, ते आठवून पोटात गोळा येतो, ती स्मृती. आणि काल संध्याकाळी कलमाखाली सुपारीएवढी फळे गळून पडलेली तुम्ही स्वतः पाहिली असतील, तर ते प्रमाण होय. त्यावर उपाय करायलाच हवा, फक्त तो जपानंतर बागेत जाऊन करायचा. चिंतेच्या घोळक्यातून एवढे वेगळे काढता आले, तरी मनावरचा भार बराच हलका होतो, कारण ज्यासाठी हातपाय हलवायचे ते काम सहसा एखादेच निघते आणि उरलेले सारे शब्दच असतात.

ही निवड करता येते ती मंत्रामुळे. एरवी एका विचारातून दुसरा कधी निघाला ते कळतच नाही. जपात मात्र चरण अडखळतो, माळेवरचे बोट थांबते आणि मन कुठे गेले होते ते तत्काळ ध्यानात येते. त्या क्षणी स्वतःवर न चिडता, विचार कोणत्या जातीचा होता एवढे पाहून पुन्हा मंत्राकडे यावे. प्रणवाच्या म्हणजे ॐकाराच्या जपाविषयी ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ असे सूत्र आहे, म्हणजे जपाबरोबर अर्थाचे चिंतन हवे. तुमच्या गायत्रीतली ‘आमच्या बुद्धीला प्रेरणा देवो’ ही प्रार्थना मनापासून धरलीत, तर पेटीच्या भावाला तेवढी जागा मिळणार नाही.

श्वासाकडेही लक्ष द्या. विक्षिप्त म्हणजे विखुरलेल्या चित्ताबरोबर दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता येते, असे पतंजली सांगतात, आणि चित्त प्रसन्न करण्याच्या उपायांत श्वास सावकाश बाहेर सोडण्याचाही समावेश करतात. गायत्रीचे तीन चरण आहेत. एकेक चरण एका संथ उच्छ्वासावर म्हणा. इटलीतील संशोधकांनी 2001 साली ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र आणि ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरलेली आढळली. आपल्या रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांची सोऽहं (‘तो मीच’) साधना तर श्वासाशीच जोडलेली आहे.

मन फारच उधळलेले असेल त्या दिवशी मानस म्हणजे मनातल्या मनात करायच्या जपाचा हट्ट धरू नका. आधी स्पष्ट उच्चारात वाचिक जप करा, मग ओठ हलतील इतपत उपांशु, आणि त्यानंतर जमले तर मानस. मात्र सुगीच्या धावपळीतही वेळ मोडू नका, भले ती थोडी असो. दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, असे पतंजलींचे म्हणणे आहे.

प्रश्न : माझे यजमान हर्णै बंदरातून मासेमारीला जातात. वारा सुटला आणि त्यांचा फोन लागला नाही की रात्रभर छाती धडधडते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. नामस्मरण चालू केले तर गोळ्या बंद कराव्यात, असे घरचे म्हणतात. काय करावे?
– एक भगिनी

उत्तर : ताई, गोळ्या स्वतःहून बंद करू नका, अशी औषधे एकाएकी सोडल्यास त्रास वाढू शकतो, म्हणून तो निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या. नामस्मरण त्यांच्या जोडीने खुशाल करा. धडधड सुरू झाली की अंथरुणात पडून मनातल्या मनात जप करण्यापेक्षा उठून बसावे, पाठ भिंतीला टेकवावी आणि आपल्या कानांना ऐकू येईल असे नाम घ्यावे, प्रत्येक वेळी उच्छ्वास लांबवत. श्वास रोखून धरण्याचे प्रकार मात्र करू नयेत. धडधड वारंवार होत असल्यास हृदयाची तपासणीही करून घ्या. आणि रात्री अगदीच असह्य झाले, तर शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.