क्लायंबिंग आणि सायकलिंगला एकच हेल्मेट? आधी आतलं स्टिकर वाचा

कड्याच्या पायथ्यापर्यंत सायकलने जायचं आणि तेच हेल्मेट घालून वर चढायचं, दोन कशाला वाहायची, असं तुम्ही विचारलंय. चालतं, पण आतल्या स्टिकरवर ईएन १२४९२ (क्लायंबिंग) आणि ईएन १०७८ (सायकल) हे युरोपियन मानकांचे दोन्ही नंबर असले तरच. नुसतं सीई (युरोपचा सुरक्षेचा शिक्का) बघून घेऊ नका, ते कुठल्या कामासाठी पास झालंय ते या नंबरवरूनच कळतं.

आता दोन नंबर कशाला, तर दोन्हीकडचा मार वेगळा असतो. क्लायंबिंगच्या टेस्टमधे ५ किलोचं वजन २ मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात, पुढून-मागून-बाजूने मात्र तेच वजन फक्त अर्ध्या मीटरवरून, शिवाय ३ किलोचं टोकदार वजन १ मीटरवरून टाकतात आणि ते आत डोक्याला टेकता कामा नये. म्हणजे सगळा विचार वरून येणाऱ्या दगडाचा. सायकलच्या टेस्टमधे उलटं, हेल्मेट घातलेलं खोटं डोकंच साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर आपटतात, मग फुटपाथच्या कडेसारख्या धारेवर, आणि तो मार बाजूलाही बसतो. सायकलवरून पडताना मार कानशिलावरही बसू शकतो.

मी सुरुवातीला सायकलचं हेल्मेट घालून बिलेला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला, उभा राहायचो. एकदा वरून बारीक खडी आली आणि सुपारीएवढा एक दगड सरळ वरच्या फटीतून आत. टाळूवर खोक पडली, थोडक्यात निभावलं. घरी येऊन त्या फटीत अंगठा घालून बघितला तर पूर्ण आत गेला! तेव्हापासून दुकानात मी आधी अंगठा घालून बघतो.

उलट बाजूने, जुन्या पद्धतीचं कडक एबीएस प्लॅस्टिकचं कवच आणि आत पट्ट्यांची जाळी असलेलं क्लायंबिंग हेल्मेट दगडाला मस्त, पण बाजूला फोम फारच कमी, ते सायकलवर नको. आणि साइटवरचं पिवळं सेफ्टी हेल्मेट दोन्हीकडे नको, त्याचा हनुवटीखालचा पट्टा ठराविक ओढ बसली की मुद्दाम सुटतो.

दोन्ही नंबरवाली मॉडेलं कमी असतात. पेट्झल कंपनीचं जुनं मीटिऑर ३ तसं होतं, पण त्याच नावाच्या नव्या मॉडेलला ते लागू धरू नका, प्रत्येक वेळी स्टिकर बघा. घालून मान पूर्ण वर करून पाहा, हेल्मेटच्या पुढच्या कडेमुळे वरचा होल्ड (पकडायची जागा) दिसत नसेल तर ते सोडा.

माझं मत विचाराल तर रोज सायकल चालवत असाल तर दोन वेगळीच घ्या. हेल्मेटमधला फोम म्हणजे बहुधा थर्माकोलच, एकदा जोरात दबला की परत फुगत नाही, बाहेरून चरा दिसला नाही तरी. एकच असेल आणि सायकलवरून आपटलात तर ते कड्यासाठीही बाद, मग तो रविवार बिनचढाईचा काढावा लागला तरी काढा.